‘सर, ते आपोआप जनरेट झालंय!’

व्हायव्हात परीक्षक एका फाइलवर बोट ठेवून विचारतात, ‘हे काय आहे?’ उत्तर ठरलेलं, ‘सर, ते आपोआप जनरेट झालंय.’ म्हणजे कोड आपला, पण जबाबदारी टूलची. हे प्रोजेक्टपुरतं खपतं. ज्या कोडवर इतरांचं काम उभं राहणार, तिथे खपत नाही.

‘अपाची एसआयएस’ ही भौगोलिक माहितीसाठीची जावामधली ओपन सोर्स लायब्ररी बघा. नकाशा कोणी बनवला, कधी, कुठल्या भागाचा, ही त्याची कुंडली म्हणजे मेटाडेटा. ती कशी मांडायची हे ‘आयएसओ १९११५’ या मानकाने २००३ मध्ये ठरवलं. एक्सएमएलमध्ये ती कशी लिहायची, हे २००७ च्या ‘आयएसओ १९१३९’ने. त्याचा स्कीमा तयार आहे. तो ‘एक्सजेसी’ या टूलला दिला की जावा क्लासेसचा ढीग हजर! मग अडलं कुठे?

टूल एक्सएमएलची रचना जशीच्या तशी उचलतं. तिथे शीर्षकाचा मजकूर ‘कॅरेक्टर स्ट्रिंग’ नावाच्या आणखी एका वेष्टनात असतो. त्यामुळे साधं शीर्षक वाचायलाही डब्यातला डबा उघडत बसायचं. शिवाय त्या फाइलमध्ये काही सुधारलं, तर पुढच्या वेळी टूल चालवताच सगळं पुसलं जाणार.

एसआयएसने वेगळी वाट धरली. क्लास हाताने लिहिले, वापरणाऱ्याला सोपे जातील असे. एक्सएमएलशी त्यांचं नातं सांगायला वर अ‍ॅनोटेशन्स लावली. जावामध्ये ही सोय २००४ पासून, जावा ५ मुळे आहे. ‘हे फील्ड एक्सएमएलमध्ये या नावाने जाईल, ते सक्तीचं आहे’ एवढं एका ओळीत सांगता येतं. वेष्टन घालण्या-काढण्याचं काम पडद्यामागचे अ‍ॅडाप्टर करतात. वापरणाऱ्याने शीर्षक मागितलं, की शीर्षकच मिळतं.

हे फुकटात होत नाही. २०१४ मध्ये १९११५ ची सुधारित आवृत्ती आली. असे बदल माणसालाच बसून करावे लागतात. अ‍ॅनोटेशनमधल्या नावात स्पेलिंग चुकलं, तर कंपायलर गप्प बसतो. टेस्ट लिहिल्या असतील तरच चूक सापडते. पण कोणती ओळ कशासाठी आहे, हे सांगणारं माणूस तिथे असतं.

आता तर एआय मिनिटात फाइल लिहून देतं. घ्या ना, हरकत नाही. एकदाच वापरून टाकून द्यायच्या कोडसाठी रात्र जागवण्यात अर्थही नाही. पण तुमच्या प्रोजेक्टचा गाभा ज्या क्लासमध्ये आहे, तो एकदा तरी स्वतः लिहून बघा. वेळ लागेल, एरर येतील, चिडचिड होईल. पण पुढच्या वेळी परीक्षकांनी बोट ठेवलं, की टूलचं नाव पुढे करावं लागणार नाही.