देवाची निवड व मनुष्याचा स्वीकार

“कोणास तारावयाचें हें देवानें पूर्वींच ठरविलें असेल, तर आम्हीं सदाचरणाची खटपट कां करावी?” असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस विचारतात. ह्याच प्रश्नावरून इंग्लंडांत जॉन वेस्ली व जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोघे जिवलग मित्र दुरावले. इ. स. १७३९ सालीं वेस्ली ह्यांनीं ब्रिस्टल येथें प्रतिपादन केलें कीं, देवाची कृपा सर्वांस मोकळी आहे. ती नाकारणारा स्वतःच्या दोषानें नाकारतो. व्हाइटफील्ड म्हणत, विश्वास हेंही देवाचेंच दान. निवड सर्वस्वीं त्याची.

आमच्या मतें ह्या दोन्ही बोलण्यांत सत्यांश आहे. वाढलेल्या ताटाकडे पाठ फिरविणारा उपाशीच राहतो. परंतु जेवणारानेंही ‘हें अन्न मीं शिजविलें’ असें म्हणूं नये. सदाचरण हें दयेचें मोल नसून तिजबद्दलची कृतज्ञता होय. शिवाय अब्राहामाची निवड झाली ती सर्व कुळांस आशीर्वाद मिळावा म्हणून. तेव्हां ‘आम्ही निवडलेले’ ह्या अभिमानास जागा कोठें उरते?

पुढें त्या मित्रांचें प्रेम पुनः जुळलें. वाद मात्र मिटला नाहीं. १७७० सालीं व्हाइटफील्ड वारले, तेव्हां लंडनांत त्यांचें स्मृतिप्रवचन वेस्ली ह्यांनींच केलें. विद्यार्थीमित्रहो, दया ज्यास कळली त्याचें वर्तन असें असतें.