आधी गोळीची वाट, मग वेग

कोल्हापूरकडून आंबा घाटात जाणारा पर्यटक मलकापुरावरूनच जातो. त्याच्यासाठी पेंटबॉलचे मैदान काढावे, असे आमच्या काही तरुण बांधवांच्या मनात आहे. विचार चांगला, पण त्यांची नजर झटपट मारा करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्करवर आहे, हे आम्हाला पटत नाही.

आम्ही कापडवाले. माग पळवला आणि कांडी वेळेवर बदलली नाही, तर कापडात फट पडते. इथेही तेच. साध्या हॉपरमधून ०.६८ इंची गोळी केवळ वजनाने खाली येते. मार्कर तिच्याआधी चालला, की अर्धवट उतरलेली गोळी आतच फुटते, नळी रंगाने माखते आणि गिऱ्हाईक खोळंबते. म्हणून भाड्याच्या धंद्याला साधा यांत्रिक मार्करच बरा. पुढे पैसा हाती आला तर आधी गोळ्या ढवळणारा हॉपर घ्यावा, वेग नंतर. जिलेटिनची गोळी पावसाळी दमट हवेत फुगते. साठा थोडाच ठेवावा.

खेळाची रीत सेकंदाला ३०० फुटांच्या आतली आहे. वेग रोज मोजावा. मुखवट्यात मात्र काटकसर नको. बिघडलेला मार्कर दुरुस्त होतो, गेलेला डोळा परत येत नाही.