आधी देणी, मग महिन्याचे जेवण



धर्मग्रामात कुणी देवाघरी गेले की धावपळ करणारे आम्ही चार-पाच जण आहोत. पेटी आणायची, कबर खणणाऱ्यांना निरोप द्यायचा, महापालिकेतून मृत्यूचा दाखला मिळवायचा, फुलांचे बघायचे, एवढेच आमचे काम. पण दुःखाच्या घरात आठ-दहा दिवस वावरताना पैशाच्या गोष्टी कानावर पडतात. त्या ऐकून आमचे जे मत झाले आहे ते आज स्पष्ट मांडतो. काहींना ते बोचेल, तरीही.

आमचे म्हणणे असे. आई किंवा वडील वारले की त्यांची देणी फेडण्याचा विचार महिन्याच्या मिस्सेनंतरच्या जेवणाच्या आधी व्हावा, आणि सातव्या दिवसाच्या मिस्सेला घरच्या एखाद्याने उभे राहून सर्वांना विचारावे की आमच्या बाबांकडून कुणाचे काही येणे आहे का.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दफनविधी दुसऱ्या दिवशी होतो. त्या दिवशीचा खर्च कुणी मोजत नाही आणि मोजूही नये. पेटी, गाडी, फुले, वर्तमानपत्रातील फोटोसह बातमी, आलेल्यांना चहा-नाश्ता. त्यानंतर खरा खर्च सुरू होतो. महिन्याच्या मिस्सेला मांडव, दोनशे माणसांचे जेवण, छापील आठवणपत्रिका. वर्षाच्या आत संगमरवरी कबर. आणि हे सगळे वडिलांच्याच पैशांतून, पुष्कळदा त्यांचे एटीएम कार्ड वापरून. पिन मुलाला माहीत असतो. दाखला बँकेत जाण्याआधी काढून घेऊ, नंतर खाते गोठेल, असे कुणीतरी शहाणा नातेवाईक सांगतो.

हे करू नये. माणूस वारल्यावर त्याचे खाते त्याच्या सर्व वारसांचे आणि सर्व सावकारांचे असते, कार्ड ज्याच्या हातात आहे त्याचे नसते. भावंडांत पुढे जी भांडणे होतात, त्यांतली कितीतरी या पहिल्या आठवड्यातल्या वीस-तीस हजारांवरून पेटतात. तातडीचा खर्च ज्याला झेपेल त्याने करावा, पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात, आणि खाते मोकळे झाल्यावर सर्वांत आधी ते पैसे परत घ्यावेत. कागदपत्रे पूर्ण मिळाल्यावर बँकेने १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणजे फार थांबावे लागू नये. (पेन्शन येत असेल तर तेही लगेच कळवावे. मृत्यूनंतरच्या महिन्यांची जमा झालेली पेन्शन परत द्यावी लागते.)

कायदाही हाच क्रम सांगतो. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्याच्या ३२० व्या कलमाप्रमाणे अंत्यविधीचा खर्च, शेवटच्या आजारातला वैद्यकीय खर्च आणि मरणाआधीच्या एका महिन्याचा राहण्या-जेवण्याचा खर्च इतर सर्व कर्जांच्या आधी भागवायचा. पण अंत्यविधीचा खर्च किती, तर मृताच्या परिस्थितीला साजेसा आणि वाजवी. दोनशे माणसांचे जेवण त्या वाजवी खर्चात बसते असे आम्हाला वाटत नाही. ते घालायचेच असेल तर मुलांनी आपापल्या खिशातून घालावे. त्याला कुणाची हरकत नाही.

याच कायद्याचे ३२२ वे कलम मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. अंत्यविधी आणि वारसा-दाखल्याच्या कोर्टखर्चानंतर लगेच मजूर, कारागीर आणि घरगडी यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली मजुरी येते. बाकीची कर्जे त्यानंतर. म्हणजे ज्या आयाने आजारपणात आईचे अंग पुसले, डायपर बदलले, रात्री जागून काढल्या, तिचा राहिलेला पगार पतसंस्थेच्या बिनतारणी कर्जाच्या आधी द्यायचा आहे. आपण काय करतो? एक साडी आणि थोडे पैसे हातावर ठेवतो, आणि ती काही बोलत नाही म्हणून हिशेब मिटला असे धरतो. याकोबाच्या पत्रात कामकऱ्यांच्या अडवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असे सांगितले आहे. उपदेशात ते ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठे जमीनदार येतात, स्वतःच्या घरातली आया येत नाही.

आता कर्जाचे. मुलांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. वडिलांनी मागे जेवढे ठेवले तेवढ्यापुरतीच तुमची जबाबदारी आहे. त्यांनी काहीच ठेवले नसेल तर वसुलीवाला तुमच्या पगारावर हात टाकू शकत नाही. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. फोनवर दमदाटी होते, बापाचे नाव बुडवू नका असे ऐकवले जाते. त्याला घाबरून बायकोचे दागिने गहाण टाकू नका. गरीब घरच्या मुलाने बापाचे सगळे कर्ज फेडले नाही म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.

दुसरी बाजूही आहेच. आपल्याकडची बरीच कर्जे सोसायटीची आणि पतसंस्थेची, आणि त्यांना दोन जामीनदार लागतात. ते जामीनदार कोण असतात? आपलेच लोक. देवळात तुमच्या मागच्या दोन बाकांवर बसणारे. कर्जदार मेला तरी जामीनदार सुटत नाही. मुलांनी वडिलांची ठेव आपसात वाटून घेतली आणि सोसायटीला तोंड दाखवले नाही, तर नोटीस त्या निवृत्त शिक्षकाच्या घरी जाते, ज्याने तुमच्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांच्या कागदावर सही केली होती. शिल्लक असताना असे करणे ही चोरीच आहे, आम्ही तिला दुसरे नाव देणार नाही.

आणि हातउसने? त्याचा कागद नसतो. उसने दिल्यापासून तीन वर्षे उलटली की कोर्टात दावाही चालत नाही. शेजारच्या बाईने दवाखान्यासाठी दिलेले दहा हजार, किराणा दुकानातली उधारी, भिशीचे राहिलेले हप्ते. हे येणे असलेली माणसे दुःखाच्या घरी तोंड उघडत नाहीत. सांत्वन करतात, चहा पितात आणि घरी जातात.

म्हणून ती घोषणा हवी. आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांच्या जनाज्याला गेलेल्यांनी हे पाहिले असेल. नमाजाआधी घरचा माणूस पुढे येऊन सांगतो की मय्यताकडे कुणाचे देणे असेल तर आमच्याशी बोला. त्यात त्यांना लाज वाटत नाही. आपल्याला का वाटावी? खोटे दावेदार येतील अशी शंका काहींनी बोलून दाखवली. एखादा येईलही. विचारले म्हणजे प्रत्येकाला दिलेच पाहिजे असे नाही. कधी, कशासाठी, कुणासमोर, एवढे विचारले तरी खरे-खोटे बरेचसे कळते.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवा आठवा. नवरा देवभीरू होता, पण कर्ज ठेवून गेला, आणि सावकार दोन्ही मुलांना गुलाम करायला आला होता. अलीशा संदेष्ट्याने मुलांना नेऊ दिले नाही. कर्ज विसरून जा असेही सांगितले नाही. भांडी तेलाने भरल्यावर त्याने क्रम लावून दिला, की तेल विकून आधी देणे फेडायचे आणि उरेल त्यावर घर चालवायचे. आपण मात्र उलटे करतो. आधी गावजेवण, मग वाटणी, आणि देणेकऱ्यांना उरलेसुरले.

वाटणीवर थोडक्यात, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते ते सर्व वारसांसाठी. २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’च्या साळगावकर कुटुंबातल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितले. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले मुलगे आणि मुली यांना सारखे. लग्न झालेली मुलगीही त्यात आली. गोव्याच्या कुटुंबांना तिथला वेगळा कायदा लागू होतो, त्यांनी तिथल्या वकिलाला विचारावे. आईच्या किंवा बहिणीच्या सह्या पहिल्या महिन्यात कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर घेणे, हे आम्ही दोन-तीन घरांत पाहिले आहे. अशा वेळी आम्ही तिथे उभे राहून कागद मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो. राग येतो लोकांना.

घोषणेबद्दल फादरांशी आमचे बोलणे झाले आहे. कुटुंबाची संमती असेल तरच, आणि शेवटच्या आशीर्वादाआधी, एवढीच त्यांची अट आहे. उभे राहून बोलताना ज्यांचा आवाज फुटत नाही त्यांच्यासाठी मजकूर लिहून ठेवला आहे. हवा असेल त्यांनी आमच्यापैकी कुणाकडूनही घ्यावा:

‘आमच्या वडिलांसाठी प्रार्थना करायला आलात, आम्ही आभारी आहोत. त्यांच्याकडून कुणाचे पैसे, मजुरी किंवा वस्तू येणे असेल, कागद असो वा नसो, तर संकोच न करता महिन्याच्या मिस्सेच्या आत आम्हाला घरी येऊन सांगा. त्यांनी कुणाला उसने दिले असेल तर तेही सांगा. जामीनदार म्हणून ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांनी आधी भेटावे.’