फोनचा भाव आणि फोनचा खर्च

पनवेलच्या बाजारात फोन घ्यायला गेलेल्या माणसाला हल्ली किंमत कुणी सांगतच नाही, हप्ता सांगतात. ‘महिना फक्त दीड हजार. आधार-पॅन आणा, लगेच फोन घेऊन जा.’ तळोज्याच्या एका कारखान्यात नुकताच कंत्राटावर लागलेला आमच्या सोसायटीतला मुलगा परवा हाच आकडा घेऊन आला. ‘काका, व्याज शून्य आहे,’ म्हणाला. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला. त्यावर प्रोसेसिंग फी होती, फीवर 18 टक्के जीएसटी होता, त्याने न मागितलेला विमा होता. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट त्याला नव्हती. ही सगळी बेरीज म्हणजेच व्याज.

रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. ऑक्टोबर 2024 पासून तर अशा कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणं बंधनकारक आहे. सगळे आकार धरून वर्षाला खरा टक्का किती पडतो, ते त्यावर लिहिलेलं असतं. सही करण्याआधी तो मागून घ्यावा. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा मुलगा चिडला तरी मागावा.

माझं मत असं, की ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो त्याने रोखीत जमेल तेवढ्याचा सेकंड हँड फोन घ्यावा. कारण हप्त्यात पैशापलीकडेही काही गमवावं लागतं. अमेरिकेत फोन बरेचदा सिमच्या कंपनीकडूनच, तिच्या कराराला बांधलेला मिळतो. आपल्याकडेही तसे प्रयोग झाले. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये भरून फोन हातात दिला. पण तो फोन दुसऱ्या कुठल्या कंपनीवर चालत नसे. 2017 चा दीड हजार अनामतीचा जिओफोनही जिओच्याच सिमवर चालायचा. असे अपवाद सोडले तर आपल्याकडे कुठल्याही फोनमध्ये कुठलंही सिम टाकता येतं, आणि 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. हे स्वातंत्र्य मोठं आहे. हप्त्यावर फोन घेऊन आपण ते फायनान्स कंपनीकडे गहाण टाकतो. हप्ता चुकला की फोनच बंद पाडणारी अॅपं काही कंपन्या त्यात घालून देत आल्या आहेत.

मात्र जुना फोन डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. पाठीमागचं झाकण मधोमध फुगलंय का, हे टेबलावर उताणा ठेवून बघा. मधल्या फुगवट्यावर डुलला तर बॅटरी गेली. पांढरं चित्र उघडलं की स्क्रीनवरचे डाग, रेघा दिसतात. डिस्प्ले कंपनीचा की कॉपी, हे थेट विचारा. चार्जर लावून पिन हलवून बघा, आपलं सिम घालून तिथूनच घरी एक कॉल करा. सुरक्षा अपडेट शेवटचं कधी आलं, ते सेटिंगमध्ये दिसतं. अँड्रॉइड फार जुनं असेल तर बँकेची अॅपं चालत नाहीत, मग स्वस्त फोनही महागच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो चोरीचा नाही ना. स्टार-हॅश-06-हॅश दाबलं की फोनचा पंधरा आकड्यांचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, दिसतो. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो आकडा, असा मेसेज 14422 वर पाठवा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वरही हे बघता येतं. ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट असं उत्तर आलं तर फोन काउंटरवर ठेवून बाहेर पडायचं, भाव कितीही पाडून मिळो. मूळ बिलावर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर हप्ते फिटल्याची एनओसी हवीच. नाहीतर पहिल्या मालकाचं थकलेलं कर्ज तुमच्या हातातला फोन बंद पाडू शकतं. आणि चोरीचं म्हणाल तर, लोकलमध्ये खिशातून गेलेला फोन कुणाच्या तरी पोटापाण्याचा असतो. तो विकत घेणारं गिऱ्हाईक मिळतं म्हणून तर चोरी होते, हे मी अगदी पोटतिडकीने सांगतो.

आणि रिचार्ज! तो तर हिशेबात कुणी धरतच नाही. जुलै 2024 च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा पॅक 239 वरून 299 वर गेला. मुदत 28 दिवस, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज: 3887 रुपये. दोन वर्षांत पावणेआठ हजारांच्या आसपास. एवढ्यात बरा सेकंड हँड फोन येतो. निदान एक पॅक तरी 30 दिवसांचा ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायने 2022 मध्ये कंपन्यांना सांगितलं, तो शोधावा लागतो. ज्या घरी वायफाय आहे तिथे रोजचा दीड जीबी वायाच जातो.

गावाकडे आईवडिलांचा फोन केवळ मुलांचे कॉल घेण्यासाठी असतो. त्यांच्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक देणं कंपन्यांना सक्तीचं केलं, मुदतही वर्षभरापर्यंत वाढवली. दुकानात असा पॅक आपणहून कुणी सुचवत नाही. ‘डेटा नको, नुसत्या कॉलचा पॅक द्या,’ असं स्पष्ट म्हणावं लागतं.