संगणकाला पाण्याचा थंडावा : कोणाला परवडतो, कोणाला नाही

मालेगाव-भिवंडीकडे साड्यांचे नमुने काढणाऱ्या आणि एम्ब्रॉयडरीचे पंचिंग करणाऱ्या तरुणांत अलीकडे एक फर्माईश ऐकू येते. नवा संगणक घ्यायचा तर त्यात 'लिक्विड कूलर' हवाच. काचेच्या कॅबिनेटमध्ये दोन काळ्या नळ्या, रंगीबेरंगी दिवे; आणि दुकानदारही सांगतो की आपल्याकडचा उन्हाळा पाहता पाण्याचाच घ्या. आमचा धंदा कापडाचा, संगणकाचा नव्हे. पण या संगणकांत जो पैसा अडकतो तो बहुधा हप्त्यांचा किंवा उसनवारीचा असतो. ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या मालात संगणक बंद पडला तर एकट्या पंचिंगवाल्याचे काम अडत नाही, मशीनवरचा कारागीरही रिकामा बसतो. म्हणून या पाच-दहा हजारांच्या वस्तूचा हिशेब या पानावर मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

पहिला घोटाळा 'कूलर' या शब्दाचा आहे. आपल्या घरात जो कूलर असतो त्यात वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि आत येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड होते. माठाचे पाणी याच कारणाने गार राहते. संगणकातले पाणी असे काही करीत नाही. ते बंद नळीत फिरते. प्रोसेसरवर तांब्याची एक पट्टी बसते, तिच्यावरून पाणी जाते, उष्णता घेते, छोट्या पंपाच्या जोराने रेडिएटरमध्ये पोहोचते आणि तिथे पंखे ती उष्णता हवेत सोडतात. थोडक्यात, ट्रकच्या इंजिनाची जी व्यवस्था तीच ही, लहान आकारात. पाणी थंडी तयार करीत नाही, ते उष्णतेची हमाली करते.

यातून निघणारी गोष्ट व्यापाऱ्याने नीट ध्यानात घ्यावी. हा कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. समजा, एखाद्या कामात प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ५० अंशांनी वर जातो. वातानुकूलित खोलीत २५ अंश असतील तर प्रोसेसर ७५ वर राहील; मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंश असतील तर तोच प्रोसेसर ९२ वर जाईल. पाण्याचा असो वा हवेचा, दोघांनाही हा १७ अंशांचा बोजा सारखाच उचलावा लागतो. तेव्हा 'आपल्याकडे गरमी जास्त, म्हणून पाणी' हे कारण निम्मेच खरे आहे. गरमीचा खरा इलाज खोलीत हवा खेळती ठेवणे आणि संगणक भिंतीला चिकटवून न ठेवणे हा आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ही युक्ती नवीन नाही. मोठ्या कंपन्यांचे खोलीभर संगणक १९६०च्या दशकापासून पाण्याने थंड केले जात. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाचे तर सगळे सर्किटच एका खास द्रवात बुडवलेले होते. मेजावरच्या संगणकात ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी-५ च्या २.५ गिगाहर्ट्झच्या मॉडेलात पाणी आणले, आणि पुढे त्यांतल्या कित्येक यंत्रांत गळती झाल्याची ख्याती झाली. डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने पंप आणि तांब्याची पट्टी एकाच डबीत बसवली. तीच रचना २००९ मध्ये कोर्सेअरच्या एच-५० या संचातून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आली. कारखान्यातच भरून बंद केलेला, गिऱ्हाइकाने पाणी ओतायचे नाही, असा संच. आज बाजारात दिसणारे बहुतेक संच याच घराण्यातले आहेत.

फायदे आहेत, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मोठा प्रोसेसर पूर्ण जोराने तासन्‌तास चालवायचा असेल तर चांगला मोठा संच हवेच्या कूलरपेक्षा त्याला सांभाळतो. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट आहे. एवढी उष्णता छोट्या पंख्याच्या आवाक्यातली नाही. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला बसवला तर उष्णता आत न रेंगाळता सरळ बाहेर जाते. शिवाय हवेचे मोठे टॉवर कूलर वजनाने एक किलोच्या वर जातात. तसा कूलर मदरबोर्डवर लटकवून संगणक टेम्पोतून नेला तर बोर्डाला धोका असतो. पाण्याच्या संचात बोर्डावर फक्त एक हलकी डबी राहते.

पण बाजारात 'छोटा, आटोपशीर' म्हणून जो १२० मिलिमीटरचा, एका पंख्याचा संच विकला जातो, त्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. तो घेऊ नये. बहुतेक वेळा त्याहून कमी किमतीचा टॉवर कूलर तितकेच काम करतो. पाण्यावर खर्च करायचाच असेल तर २४० किंवा ३६० मिलिमीटरचा करावा, आणि तो कॅबिनेटमध्ये मावतो का हे आधी मोजून घ्यावे.

आता तोटे. हवेचा कूलर म्हणजे धातूची पाती आणि एक पंखा. पंखा बंद पडला तरी पाती थोडीफार उष्णता सोडत राहतात, हलके काम चालते, आणि नवा पंखा कोणत्याही दुकानात काही शेकड्यांत मिळतो. पाण्याच्या संचातला पंप थांबला तर पाणी जागच्या जागी तापते आणि काही मिनिटांत प्रोसेसर आपला वेग पाडतो किंवा संगणक बंद करतो. प्रोसेसर स्वतःला जाळून घेत नाही, पण काम मात्र तिथेच अडकते. आणि पंप बदलता येत नाही, संचच बदलावा लागतो. ट्रकच्या रेडिएटरमध्ये ड्रायव्हर वाटेत कुठेही बाटलीभर पाणी ओततो. इथे ती सोय नाही. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी उडून जाते, आत हवेचे बुडबुडे होतात, पंप गुरगुरू लागतो. कंपन्या तीन ते सहा वर्षांची हमी देतात, यावरूनच या वस्तूचे आयुष्य ओळखावे. टॉवर कूलरची पाती मात्र संगणक बदलला तरी पुढच्या संगणकावर बसवता येतात.

तांब्याची पट्टी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात असले की गंजाचा धोका असतो. त्यासाठी पाण्यात औषध मिसळतात, तरी सगळ्यांना यश येते असे नाही. २०२१ साली एमएसआयने आपले काही संच आत गाळ साचत असल्याने परत मागवले. २०२२ मध्ये आर्क्टिक कंपनीने आपल्या लिक्विड फ्रीझर-२ संचातल्या रबरी पॅकिंगचा दोष कबूल करून गिऱ्हाइकांना दुरुस्तीचे सामान दिले. नावाजलेल्या कंपन्यांची ही गोष्ट. मग दिव्यांच्या झगमगाटावर विकल्या जाणाऱ्या बेनामी संचाचे काय सांगावे?

आपल्या गावांपुरता सर्वांत मोठा तोटा मात्र वेगळाच आहे. तो म्हणजे रुई. यंत्रमागाच्या शेडजवळ किंवा कापडाच्या गोदामात जो संगणक चालतो, त्याच्या तोंडावर कापसाचे तंतू आठवडाभरात जमतात. रेडिएटरची पाती टॉवर कूलरच्या पात्यांपेक्षा दाट असतात. त्यांवर रुई बसली की तिचा नमदा होतो, आणि तो पंखा व रेडिएटर यांच्या मध्ये दडलेला असल्याने वरून दिसतही नाही. पंखे फिरताना दिसतात, हवा मात्र जात नाही. संच घेतलाच असेल तर महिन्यातून एकदा संगणक बंद करून पंखे सोडवावेत आणि हवा ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूने उलटा झोत मारावा. शेडमधल्या कॉम्प्रेसरने सरळ झोत मारण्याची सवय वाईट. त्या हवेत पाणी आणि तेल असते, जोरही फार असतो. हातातला छोटा ब्लोअर पुरे, आणि झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

बसवण्याची चूकही पुष्कळ ठिकाणी दिसते. पंपाची डबी ही साऱ्या व्यवस्थेत सर्वांत उंच कधीच नसावी, नाहीतर आतली हवा तिथेच गोळा होते. रेडिएटरचा एक तरी भाग तिच्या वर असला पाहिजे. छताला बसवला तर हा प्रश्नच उरत नाही.

मग घ्यावा कोणी? ज्याच्याकडे मोठा प्रोसेसर आहे आणि ज्याचे काम रात्रभर चालणारे आहे, उदाहरणार्थ व्हिडिओ किंवा त्रिमितीय चित्रे तयार करणारा, त्याने जरूर घ्यावा. पंचिंगवाल्याचे तसे नाही. टाके लावताना, रंग बदलताना प्रोसेसर बहुतेक वेळ बसूनच असतो. साडीचा नमुना जोडतानाही जोर क्षणभर लागतो आणि उतरतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर साधारण अडीच-तीन हजारांचा टॉवर कूलर आरामात पुरतो. उरलेले पैसे रॅममध्ये किंवा यूपीएसमध्ये घातले तर रोजच्या कामाला त्याचा उपयोग होतो.

ज्यांच्याकडे मोठा प्रोसेसर आधीच आला आहे त्यांनी दुकानदाराकडून बायोसमध्ये त्याच्या वॅटची मर्यादा खाली आणून घ्यावी. अडीचशेचे सव्वाशे केले तरी आपल्या कामात फरक सहसा जाणवत नाही, उष्णता मात्र निम्म्यावर येते. याला एक पैसाही लागत नाही, म्हणूनच कदाचित हा सल्ला दुकानात आपण होऊन कोणी देत नाही.

एवढे वाचूनही पाण्याचाच घ्यायचा असेल त्यांनी पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये. दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : हमीतली बदली दुकानातून मिळणार की पार्सल करून कंपनीकडे पाठवावी लागणार, आणि पाणी गळून मदरबोर्ड किंवा ग्राफिक कार्ड खराब झाले तर त्याची भरपाई कोण देणार. काही कंपन्या ती देतात, काही फक्त संच बदलून देतात. आणि बदली येईपर्यंत काम अडू नये म्हणून जुना पंखेवाला कूलर त्याच्या क्लिपा आणि स्क्रूंसह डब्यात जपून ठेवावा.