उंची, वजन आणि पाऊल : शाळा उघडण्याआधी एक जाहीर आवाहन

पालकहो, शिक्षक मित्रांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो आणि चपला-बुटांच्या दुकानदारांनो,

१५ जूनच्या आसपास शाळा उघडतील, विदर्भात त्यानंतर आठवडा-दीड आठवड्याने. म्हणजे येत्या दोन-तीन रविवारी वह्या, दप्तरं, रेनकोट आणि बूट अशी सगळी खरेदी एका दमात उरकली जाईल. यातलं दप्तर जरा मोठं निघालं तरी काही बिघडत नाही. बूट मात्र रोज सहा-सात तास मुलाच्या पायात असतात, आणि तो पाय अजून घडत असतो. म्हणून विनंती एकच आहे. यंदा बूट घेण्याआधी मुलाचं पाऊल मोजा. वयावरून, इयत्तेवरून किंवा गेल्या वर्षीच्या नंबरावरून अंदाज बांधू नका.

मी कोकणातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे दिवसभर नजर मुलांच्या पायांवरच असते. प्रत्येक वर्गात बुटाची मागची बाजू टाचेखाली दाबून, त्याची चप्पल करून फिरणारी चार-पाच पोरं हमखास सापडतात. त्यांना ओरडा बसतो, 'बूट नीट घाल' म्हणून. एकदा त्यांना खाली बसवून मोजे काढायला सांगा. टाचेवर लाल वळ दिसेल, करंगळीच्या बाहेरच्या बाजूला भोवरी धरलेली असेल, अंगठ्याचं नख कडेने मांसात शिरलेलं असेल. बूट आखूड झालाय आणि पोराने आपल्यापुरती वाट काढलीय. दुसऱ्या टोकाला पळताना ज्यांचा बूट पायातून निघून मैदानात पडतो अशी मुलं असतात. त्यांच्या बुटाच्या टोकात बहुधा कागदाचा बोळा सापडतो.

हे बोळावाले बूट म्हणजे आपल्या 'वाढत्या अंगाच्या' खरेदीचा प्रताप. सदरा वाढत्या अंगाचा घ्यावा, बाही दुमडावी, चड्डीला आतून शिवण ठेवावी आणि दर वर्षी उसवावी, हे काटकसरीचं शहाणपण आहे आणि मला त्याचा आदरच आहे. पण बुटाचं टोक दुमडता येत नाही. मोठ्या बुटात पाय पुढेमागे सरकतो, तो सरकू नये म्हणून मूल चालताना बोटं आखडून बूट धरून ठेवतं, आणि शिवाय बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता भलतीकडेच वाकतो. वर्षभर पुरावा म्हणून घेतलेला बूट पहिले सहा महिने मोठा होतो, नंतर चार दिवस बरोबर होतो, आणि तोवर त्याचा सोल गेलेला असतो.

'पण आमचा मुलगा कधी तक्रार करत नाही,' असं पालक सांगतात. खरं आहे, तो करणार नाही. जन्मतः पावलाचा बराचसा भाग कूर्चेचा असतो. त्याची हाडं व्हायला सुरुवात होते ती हळूहळू, आणि ती पुरती पक्की व्हायला वयाची पंधरा-अठरा वर्षं जातात. असा मऊ पाय आखूड बुटात गुपचूप मावतो, बोटं मुडपून बसतात. मोठ्या माणसाला जो बूट पाच मिनिटांत चावला असता, तो लहान मूल दिवसभर वागवतं. त्यात दुकानातल्या बुटाला दिवे लागत असतील किंवा त्यावर आवडतं कार्टून असेल, तर 'होतो का रे?' या प्रश्नाचं उत्तर 'होतो!' हेच येणार. पुढून अंगठ्याने दाबून बघायची आपली रीतही फसवी आहे. वरून दाब आला की मूल आपोआप बोटं मागे ओढतं, आणि आपल्याला वाटतं भरपूर जागा आहे.

तेव्हा विचारू नका, मोजा. त्याला यंत्र लागत नाही. एक पाठकोरा कागद, पेन्सिल आणि पट्टी पुरते. वेळ संध्याकाळची धरा, कारण दिवसभराच्या हालचालीने पाय थोडा फुगलेला असतो. नखं आधी कापा. शाळेचे मोजे घालून मुलाला कागदावर सरळ उभं करा, टाचा भिंतीला टेकवून. बसलेल्या मुलाचं माप घेऊ नका, अंगाचा भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवा. ती आत कलली तर पाऊल कागदावर बारीक होतं. दोन्ही पाय काढा, कारण दोन्ही सारखे असतीलच असं नाही, आणि बूट घ्यायचा तो मोठ्या पायाचा. सगळ्यांत लांब बोट अंगठाच असतो असंही नाही, कित्येकांचं दुसरं बोट पुढे जातं. जे बोट पुढे असेल त्याच्यापुढे १२ मिलिमीटर वाढवून रेघ मारा आणि तेवढं कागदी पाऊल कापून घ्या. या १२ मिलिमीटरांतले निम्मे चालताना पाऊल पुढे सरकतं त्यासाठी, आणि उरलेले वाढीसाठी.

हे कागदी पाऊल दुकानात बुटाच्या आत सरकवून बघा. ते पुढे वाकलं तर बूट आखूड आहे. कडा वर वळल्या तर अरुंद आहे. आत घसरत राहिलं तर मोठा आहे. बुटाचं आतलं अस्तर सुटं निघत असेल तर ते काढून मुलाला त्याच्यावर उभं करा, एका नजरेत कळतं. मग दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून मुलाला दुकानात पळायला लावा. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तर पडू द्या.

कागद आणखी एका कारणासाठी कामाचा आहे. आपल्याकडे बाजाराला मूल नेलंच जातं असं नाही. आठवडी बाजारात ढिगातले बूट चाळणाऱ्या बापाच्या खिशात मुलाच्या पायाएवढी तोडलेली सुतळी किंवा काडी असते. लांबी कळते, रुंदी कळत नाही. गणपतीला मुंबईहून येणारा मामा फोनवर 'सात वर्षांचा झाला ना?' एवढ्या भांडवलावर बूट आणतो. मामाला वय सांगू नका. पट्टी शेजारी ठेवून कागदी पावलाचा फोटो पाठवा आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून द्या.

आता नंबरांविषयी, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपल्याकडे बहुतेक दुकानांत इंग्लंडच्या पद्धतीचा नंबर चालतो. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात, म्हणून तेरा नंबरच्या बुटानंतर 'एक नंबर' द्या म्हटलं की नवखे पालक गोंधळतात. युरोपीय पद्धतीत, म्हणजे २८, ३० असे आकडे असतात त्यात, एक नंबर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. शिवाय एका कारखान्याचा तीन नंबर दुसऱ्याच्या तीन नंबराला जुळेलच याचा भरवसा नाही. आता 'दोन नंबर मोठा द्या' या मागणीचा हिशेब करा. बरोबर मापाच्या बुटात बोटापुढे १२ मिलिमीटर जागा असतेच, त्यात १७ ची भर पडली. जवळजवळ तीन सेंटिमीटर पोकळी घेऊन तुमचं मूल जिना उतरतंय.

मापांची ही पद्धत आपल्या पायांसाठी बेतलेलीही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या सुमारे एक लाख लोकांच्या पावलांची मापं घेतली. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आपण एक नंबर मोठा मागतो त्याचं एक कारण हेच आहे. पाय रुंदीत अडतो, रुंदी मिळत नाही म्हणून आपण लांबी घेतो, आणि मग टाच सुटते. रुंद चवड्याचा बूट मागा. पुढून निमुळते, टोकदार बूट मुलांना नकोतच, मग ते लग्नाच्या शेरवानीवर कितीही शोभोत. याच पाहणीत आणखी एक गोष्ट समोर आली. मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास शिगेला पोचते, मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी. पाचवी-सहावीतल्या मुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवावं. एका वर्षात मुलीला आईची चप्पल होऊ लागते, ती उगीच नव्हे.

एक शंका दर वेळी निघते. पूर्वी मुलं अनवाणी फिरायची, त्यांचं काय बिघडलं? फारसं काही बिघडलं नाही, हे मी आनंदाने कबूल करतो. मणिपालच्या उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन १९९२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळलं. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते जास्त होतं, सँडल-चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. म्हणून घरी, अंगणात, स्वच्छ मैदानावर मुलांना खुशाल अनवाणी खेळू द्या. रानात, उकिरड्याशेजारी किंवा पावसाच्या साचलेल्या पाण्यात मात्र नको. काचा-काटे आहेत, आमच्याकडे फुरसं आहे, आणि ओल्या मातीतला अंकुशकृमी तळव्याच्या कातडीतूनच अंगात शिरतो. जाता जाता : दोन-तीन वर्षांच्या मुलाचा तळवा सपाट दिसला म्हणून घाबरून महागडे 'कमानीचे' बूट आणू नका. त्या वयात तो तसाच असतो. पाय दुखत असेल, एकच पाय सपाट असेल किंवा मूल लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना माझं मागणं एका रकान्याचं आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण मुलांची उंची आणि वजन नोंदवतोच. शेजारी तिसरा रकाना आखा : पाऊल, सेंटिमीटरमध्ये. शाळकरी मुलाचं पाऊल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, तेव्हा जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मोजलं तरी पुरे. अंगणवाडीतल्या मुलांचं दर तीन महिन्यांनी मोजावं, त्या वयात पाय भराभर वाढतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा मुलांचे बूट-मोजे काढून पायही दाखवा.

राज्य सरकारने २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं, विद्यार्थ्यामागे १७० रुपये. या पैशात कसा बूट येतो यावर मी वेगळं लिहीन, आज नाही. पण जिथे खरेदी शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती आहे तिथे 'तिसरीला इतके, चौथीला इतके' अशी मागणी देऊ नका. एका वर्गातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या पावलात सहज तीन-चार नंबरांचा फरक असतो. आधी रकाना भरा, त्यावरून नंबरांची यादी करा, आणि न होणारे जोड बदलून मिळतील हे मागणीपत्रातच लिहून घ्या. खासगी शाळांनी एकाच दुकानाचा आग्रह सोडावा. बूट काळा असावा एवढा नियम शिस्तीला पुष्कळ झाला.

आणि पावसाळ्यात तोही सोडावा, असं मी म्हणेन. भिजलेला बंद बूट आणि भिजलेला मोजा दिवसभर पायात ठेवला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. जून ते सप्टेंबर मागे पट्टा असलेली पावसाळी सँडल चालू द्या. भिजलेले बूट चुलीशेजारी सुकवू नका, डिंक सुटतो आणि चामडं आखडून बूट आणखी आखूड होतो. आत रद्दीचे बोळे कोंबून वाऱ्याला ठेवा, बोळे एकदा बदला.

दुकानदार मंडळींनो, एके काळी अमेरिका-इंग्लंडच्या दुकानांत मुलांचे पाय बुटासकट क्ष-किरण यंत्रात घालून दाखवत. किरणांचा धोका कळल्यावर ती यंत्रं गेली. आमची मागणी तेवढी भारी नाही. पाय ठेवून मोजायची पट्टी काउंटरखाली धूळ खात असेल तर बाहेर काढा. मधले नंबर ठेवा. घरी नेऊन न झालेला, न मळलेला बूट कटकट न करता बदलून द्या. 'घालून घालून सैल होईल' हे वाक्य मोठ्यांसाठी राखून ठेवा.

थोरल्याचा बूट धाकट्याला देणाऱ्या घरांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. फक्त तो बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला झिजली असेल, बूट कलता उभा राहत असेल, तर तो थोरल्याच्या पायाचा झालेला आहे, धाकट्याला देऊ नका. पण मुलांचे पाय इतक्या लवकर वाढतात की पुष्कळ जोड झिजायच्या आधीच आखूड होतात. असे बूट धुऊन, वाळवून, आतल्या लांबीची चिठ्ठी लावून शाळेत आणून द्या. प्रत्येक शाळेने एक फळी त्यासाठी मोकळी करावी. ज्याला लागेल त्याने आपल्या कागदी पावलाने मापून न्यावा, कोणी कोणाला विचारायचं नाही.

आमच्या शाळेत हे काम शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी, पीटीच्या तासाला करायचं आहे. मोजायला हात कमी पडतात, तेव्हा ज्या पालकांना सकाळचा एक तास जमेल त्यांनी यावं, येताना ३० सेंटिमीटरची पट्टी आणि घरातले पाठकोरे कागद आणावेत. इतर गावांतल्या शाळांनीही आपापला शनिवार ठरवावा. ज्यांची बूटखरेदी त्याआधीच व्हायची आहे त्यांनी आज संध्याकाळी घरीच माप घ्यावं, आणि ज्यांनी बूट आणूनही टाकलेत त्यांनी पावती जपून ठेवून त्यात कागद सरकवून बघावा.