मोडीसाठी किती नवे व्हावे?

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या गोव्यातल्या रसिकाला आधी गायकी आठवते. पण तिथले मराठीपण कागदांवरही आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला तळ ठोकला आणि त्या छावणीचेच 'लष्कर' हे शहर झाले. शिंदेशाहीचा मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडी कागद आपल्या पणजीच्या पुराभिलेखागारातही आहेत.

आता समजा, ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी मुलाने मोडी मजकुरात शोध घेणारी मुक्त आज्ञावली 'पायथॉन' या संगणकभाषेत लिहायला घेतली. मुक्त म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी. त्याला सुरुवातीलाच लिहावे लागते: 'पायथॉनची किमान अमुक आवृत्ती हवी.' हा अमुक आकडा कुठला?

आकडा जितका जुना, तितकी जुनी यंत्रे सामावतात. मला सरकारी कारकुनाला हे चटकन पटते. नव्या संगणकाची फाईल किती टेबले फिरते ते मी रोज पाहतो. पण मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत. त्यामुळे पायथॉन ३.४ ला मोडीतला 'क' हे अक्षर आहे हेच ठाऊक नाही. विंडोजवरचे २.७ तर मोडीचे एक अक्षर दोन म्हणून मोजते. मोडी ओळखू लागले ते २०१५ चे ३.५, आणि नेमके तेच विंडोज एक्सपीवर चालत नाही!

इथे एक्सपी सोडावे, असे माझे मत. ज्या लिपीसाठी आज्ञावली लिहायची तीच तिला ओळखता येत नसेल, तर ती जुन्या यंत्रावर चालून उपयोग काय?

पण म्हणून सर्वांत नव्या आवृत्तीवर उडी मारू नये. ३.९ पासून विंडोज ७ सुद्धा बाहेर पडते, आणि मोडीसाठी त्याची गरज नाही. उलट बाजूही खरी आहे: जितक्या आवृत्त्या सांभाळाल तितक्या चाचण्या, आणि हे काम करणारा मुलगा बिनपगारी. शिवाय जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, ३.८ चा आधारही २०२४ मध्ये संपला. तरी 'किमान' म्हणजे 'हेच वापरा' नव्हे. ज्याच्याकडे नवे यंत्र आहे त्याने नवी आवृत्ती खुशाल घ्यावी.

मी त्याच्या जागी असतो तर ३.८ लिहिले असते. मोडी कळते, विंडोज ७ वर चालते, आणि त्याआधीच्या आवृत्त्यांच्या चाचण्या वाचतात. आणि आकड्याशेजारी हे कारणही लिहिले असते, आम्ही फाईलवर शेरा लिहितो तसे. उद्या कुणी आकडा वाढवू म्हणाला, तर कोणाचे यंत्र त्यातून सुटणार आणि कशासाठी, हे त्यालाही तिथेच लिहावे लागेल.